टोपीकर, जपानी कागदावर: योकोहामा चित्रं पाहायला शिकताना

समोर एक चित्र आहे. घेरदार झगा घातलेली बाई घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसली आहे. डोक्यावर पिसांची टोपी, हातात चाबूक. शेजारी दाढीवाला पुरुष, त्याची दाढी विटकरी रंगाची. वरच्या कोपऱ्यात उभ्या ओळींत जपानी मजकूर. थोडं निरखून पाहिलं की बाईचा चेहरा ओळखीचा वाटू लागतो. लांबट, गोरा, बारीक डोळे, इवलंसं तोंड. एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहरातल्या सुंदरींच्या चित्रात असतो तोच हा चेहरा. झग्यावरची नक्षीही किमोनोच्या कापडावरची. म्हणजे बाई परदेशी, पण तिला घडवणारा हात पूर्ण जपानी.

युरोपीय पाहुण्यांची ही लाकडी ठशांची चित्रं आपण बहुतेक जण अशीच, इंटरनेटवर योगायोगानं, पहिल्यांदा पाहतो. गंमत वाटते आणि आपण पुढे जातो. थोडी तयारी असेल तर एकेका तावावर अर्धा तास सहज जातो. ती तयारी कशी करायची, ते मला जमेल तसं इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या चित्रांत युरोप शोधू नका. चित्र छापलं गेलं त्या महिन्यात एदोतल्या माणसाला परदेशी माणसाबद्दल काय माहीत होतं, काय ऐकू आलं होतं आणि काय पाहण्याची हौस होती, ते शोधा. म्हणून आधी काळ ठरवायचा, मग चेहऱ्याकडे वळायचं. मी सुरुवातीला उलटं करत होतो, आणि बराच काळ माझ्या हाती काहीच लागत नव्हतं.

आधी घराणं ओळखा: नागासाकी की योकोहामा

युरोपीय माणसं दाखवणाऱ्या ठशाच्या चित्रांचे दोन मोठे गट आहेत. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र, म्हणून एक नागासाकी-ए आणि दुसरं योकोहामा-ए.

त्यांच्याही आधीचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. पुढे त्यांची मोठी व्यापारी जहाजं गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत जपानला जात. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला तोही गोव्याहून मलाक्कामार्गेच, आणि त्याचे अवशेष आज जुन्या गोव्यात आहेत. त्या काळातले पोर्तुगीज जपानी चित्रकारांनी घडीच्या मोठ्या पडद्यांवर रंगवले: फुगीर विजारी, उंच नाकं, कप्तानाच्या डोक्यावर धरलेली छत्री, मागे काळं जहाज. या पडद्यांना नानबान पडदे म्हणतात. ती हातानं रंगवलेली, श्रीमंतांच्या घरातली चित्रं, ठशांची नव्हेत. पण छत्री, कुत्रा, काळं जहाज आणि मोठं नाक या खुणा तिथून पुढे अडीचशे वर्षं टिकल्या.

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानची दारं बंद झाली. युरोपीयांपैकी उरले फक्त डच. त्यांनाही १६४१ पासून नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर राहावं लागलं. नागासाकीला येणाऱ्या जपानी प्रवाशांना हे डच पाहायची फार उत्सुकता, पण बेटावर सहज प्रवेश नाही. मग स्थानिक दुकानदारांनी त्यांची चित्रं छापून विकायला सुरुवात केली. आपण तीर्थाच्या ठिकाणाहून तसबीर घेऊन येतो, तशी माणसं ही चित्रं घरी नेत. हीच नागासाकी-ए. अठराव्या शतकाच्या मध्यापासून साधारण १८६० पर्यंत ती निघत राहिली.

ही चित्रं ओळखायला सोपी आहेत. रचना साधी, पार्श्वभूमी बहुधा कोरी, रंग थोडे; जुन्या चित्रांत ते हातानं किंवा कापलेल्या साच्यातून भरलेले. एक डच माणूस, लांब नळीचा पाइप किंवा काचेचा पेला, पायाशी कुत्रा, मागे छत्री धरलेला जावाहून आणलेला नोकर. चित्रकाराचं नाव बहुतेक वेळा नसतंच. असलं तर प्रकाशकाचं.

योकोहामा-एचं सगळंच वेगळं. अमेरिकी नौदल अधिकारी पेरी १८५३ मध्ये युद्धनौका घेऊन आला, १८५४ मध्ये करार झाला, आणि १८५८ मध्ये जपाननं अमेरिका, नेदरलंड्स, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच देशांशी व्यापाराचे करार केले. १८५९ च्या उन्हाळ्यात योकोहामा बंदर उघडलं. तोवर ते कोळ्यांचं लहानसं गाव होतं. एदो तिथून साधारण तीस किलोमीटरवर. एदोत रंगीत ठशांच्या छपाईचा जगातला सर्वांत तयारीचा धंदा उभा होता आणि बातमीला भुकेलेली प्रचंड लोकवस्ती होती. पुढच्या तीनेक वर्षांत तिथून योकोहामातल्या परदेशी लोकांची पाचशेहून जास्त वेगवेगळी चित्रं निघाली. ती भडक रंगांची, गर्दीची आणि मजकुरानं भरलेली आहेत. चित्रकाराची सही ठळक असते. नावात योकोहामा असलं तरी छपाई जवळजवळ सगळी एदोतली, हे लक्षात ठेवा.

नागासाकीची एक बाई

योकोहामाकडे जाण्याआधी नागासाकीच्या एकाच गोष्टीपाशी थांबतो. हा सगळा प्रकार काय आहे ते मला त्या गोष्टीमुळे खऱ्या अर्थानं उमगलं.

१८१७ च्या ऑगस्टमध्ये देजिमाचा नवा डच प्रमुख यान कोक ब्लॉमहॉफ आपली बायको तितिया बेर्ग्समा, लहान मुलगा योहानेस आणि दाई पेत्रोनेला मुन्स यांना घेऊन आला. डच बायकांना देजिमावर राहायची मुभाच नव्हती. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारनं परवानगी नाकारली, आणि डिसेंबरमध्ये बाई, मूल आणि दाई तिघांनाही परतीच्या जहाजावर चढावं लागलं. ब्लॉमहॉफ मागे राहिला. तितिया १८२१ मध्ये वारली. नवरा जपानहून परतण्याआधीच.

ती जेमतेम चार महिने तिथे होती. तेवढ्यात नागासाकीच्या चित्रकारांनी तिला इतकं रेखाटलं की पुढे कितीतरी वर्षं जपानी मनातली ‘डच बाई’ म्हणजे तीच झाली. कावाहारा केइगानं तिला रंगवलं, छापखान्यांनी ठसे कोरले, चिनी मातीच्या भांड्यांवर ती आली. आता एखादं नागासाकी चित्र उघडा आणि त्यात बाई, बाळ आणि दाई एकत्र दिसतात का बघा. दिसल्या, तर बहुतेक तुम्ही याच कुटुंबासमोर उभे आहात. पाहणाऱ्यांना एका खऱ्या बाईची झलक मिळाली, आणि ती गेल्यावर ठशावरून ठसा निघत राहिला. योकोहामाच्या चित्रांतही असंच होतं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

दुसरी पायरी: तारखेचा शिक्का

इथे जरा सावकाश चला. जपानी अजिबात येत नसलं तरी हे काम जमतं.

शोगुनच्या काळात विक्रीला काढायच्या चित्रावर तपासणीचा शिक्का लागत असे. १८५९ पासून १८७१ पर्यंत हा शिक्का बहुधा एकच, लहान आणि गोलसर असतो. त्यात तीन गोष्टी कोंबलेल्या: वर्ष, महिना, आणि एक चिन्ह ज्याचा उच्चार ‘आरातामे’, म्हणजे ‘तपासलं’. हा शिक्का सहसा चित्राच्या कडेला, सहीच्या किंवा प्रकाशकाच्या खुणेच्या आसपास सापडतो.

वर्ष आकड्यात नसतं, बारा प्राण्यांच्या चक्रातल्या चिन्हात असतं. आपल्याकडे संवत्सरांना नावं असतात, त्यासारखंच. फक्त चक्र साठऐवजी बारांचं. सुरुवातीला तीनच चिन्हं ओळखायला शिका. मेंढ्याचं चिन्ह १८५९ चं: उभा बुंधा, त्यावर दोन आडव्या रेघा, खाली दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन फांद्या, झाडासारखं. माकडाचं चिन्ह १८६० चं: आडवा छेद दिलेली चौकट, आणि तिच्यातून वरखाली आरपार गेलेली उभी रेघ. कोंबड्याचं चिन्ह १८६१ चं: वर आडवी रेघ, खाली बुधल्यासारखी चौकट, तिच्यात तळाशी पातळीची रेघ, हे चिन्ह मुळात मद्याच्या बुधल्यावरूनच आलं आहे. योकोहामा चित्रांचा ऐन बहर १८६० आणि १८६१ चा, म्हणून माकड आणि कोंबडा या दोघांशी ओळख झाली की बरंच काम झालं. पुढे १८६२ कुत्र्याचं आणि १८६३ डुकराचं.

महिना ओळखणं त्याहून सोपं. दोनला दोन आडव्या रेघा, तीनला तीन. पहिल्या महिन्याला मात्र पुष्कळदा वेगळं चिन्ह असतं. हे महिने चांद्र आहेत, इंग्रजी नव्हेत. त्यामुळे पहिला महिना जानेवारीच्या शेवटाकडे किंवा फेब्रुवारीत सुरू होतो. आणि आपल्यासारखाच त्यांच्याकडे अधिक महिना असे. १८६० मध्ये अधिक तिसरा आणि १८६२ मध्ये अधिक आठवा महिना आला होता, आणि शिक्क्यात त्यासाठी जादा चिन्ह घालत. पंचांग पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

एक अडचण ध्यानात ठेवा. चक्र बारा वर्षांचं असल्यानं मेंढ्याचं चिन्ह १८५९ लाही येतं आणि १८७१ लाही. अशा वेळी रंगांकडे बघा. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आयात केलेले रासायनिक रंग वाढत गेले आणि त्यांचा जांभळा व लाल फार तीव्र असतो. चित्रातले लोकही मदत करतात. जपानी पुरुष पाश्चात्त्य कोट, टोपी, छत्री वापरताना दिसले तर तुम्ही मेइजी काळात, म्हणजे शोगुनची सत्ता गेल्यानंतरच्या काळात, आला आहात, आणि अशा चित्रांना ‘कायका-ए’, म्हणजे नव्या सुधारणेची चित्रं, असं वेगळं नाव आहे.

शिक्काच नसेल तर? पेरीच्या आगमनाच्या वेळी घाईत छापलेली एकरंगी बातमीपत्रकं असतात. त्यांना कावाराबान म्हणत. ती सरकारी परवानगीशिवाय निघत, म्हणून त्यांवर तपासणीचा शिक्काही नसतो आणि चित्रकाराचं नावही. पेरीच्या काही चित्रांत त्याचं नाक लांब, डोळे रागीट. जपानी लोककथांतला तेंगू नावाचा लांबनाक्या जीव चित्रकाराच्या मनात होता हे लगेच कळतं.

सही वाचताना एक खबरदारी

योकोहामा चित्रं काढणारे बहुतेक सगळे उतागावा या चित्रकारांच्या गुरू-शिष्य घराण्यातले. त्यात दोन शाखा ठळक दिसतात. नावात ‘योशि’ असलेले चित्रकार कुनियोशीचे शिष्य: योशिकाझु, योशितोरा, योशिमोरी, योशिइकु, योशितोयो. गुरू कुनियोशी १८६१ मध्ये वारला, म्हणजे ऐन भरात ही सगळी मंडळी स्वतःच्या पायावर उभी होती. दुसरा महत्त्वाचा माणूस सादाहिदे, कुनिसादाचा शिष्य. त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

खबरदारी हिरोशिगे या सहीबद्दल. निसर्गचित्रांसाठी जगभर गाजलेला हिरोशिगे १८५८ मध्ये गेला. योकोहामा उघडलं १८५९ मध्ये. म्हणजे परदेशी जहाजांनी भरलेल्या योकोहामावर ‘हिरोशिगे’ अशी सही दिसली तर ती त्याची असूच शकत नाही. ती गुरूचं नाव पुढे चालवणाऱ्या दुसऱ्या हिरोशिगेची, नाहीतर १८६५ नंतर ते नाव घेतलेल्या तिसऱ्या हिरोशिगेची. ऑनलाइन विक्रीत हा घोटाळा वारंवार दिसतो, आणि नावाच्या मोहानं पैसे जातात. आगगाड्या, विटांच्या इमारती, शिंबाशी ते योकोहामा ही १८७२ ची रेल्वे, असं काही असेल तर तो तिसरा.

तिसरी पायरी: ताव मोजा

या चित्रांचा नेहमीचा ताव, ओबान, साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटरचा. पुष्कळ चित्रं तीन ताव शेजारी शेजारी ठेवून पूर्ण होतात. काही पाच-सहा तावांची असतात. जहाजाचं टोक डावीकडे अचानक कापलं गेलं असेल, एखाद्या माणसाचा अर्धाच हात दिसत असेल, तर शेजारचा ताव हरवला आहे असं समजा. क्रम उजवीकडून डावीकडे.

सादाहिदेचं १८६१ चं पाच तावांचं चित्र यासाठी उत्तम सराव आहे. त्यात योकोहामात पाश्चात्त्य व्यापारी मालाची चढउतार करत आहेत. पाचही ताव जोडले की प्रचंड जहाज उभं राहतं. शिडांच्या दोरखंडांवर चढलेले खलाशी, फळीवरून ओझी नेणारी माणसं, कडेला गप्पा मारणारे, मागे आणखी जहाजं. एकेक ताव वेगळा पाहिला तर नुसता गोंधळ. मी हे चित्र संगणकावर आधी पूर्ण पाहतो, मग दोरखंडांपासून खाली येत एकेका माणसाचे हात काय करत आहेत ते बघतो. सादाहिदेला हातांचं वेड होतं असं मला वाटतं. त्याच्या माणसांचे हात कधी रिकामे नसतात.

सादाहिदेनं योकोहामावर एक सचित्र ग्रंथही काढला, सहा खंडांचा, १८६२ ते १८६५ या काळात. परदेशी लोकांची घरं, स्वयंपाक, जनावरं, कपडे, तो काय काय टिपत होता ते त्यात दिसतं. वरून पाहिल्यासारखे बंदराचे मोठे देखावेही त्याचेच. नवख्यानं एकाच चित्रकारापासून सुरुवात करायची असेल तर माझं मत निःसंशय सादाहिदेच्या बाजूनं.

चौथी पायरी: पाटीवर देशाचं नाव शोधा, पण लगेच विश्वास ठेवू नका

बहुतेक चित्रांत वर किंवा उजवीकडे रंगीत चौकटीत शीर्षक असतं, आणि माणसांच्या डोक्याशी देशाचं नाव. जपानी उच्चार असे: आमेरिका, इगिरिसु (इंग्लंड), फुरान्सु (फ्रान्स), ओरोशिया (रशिया), ओरांदा (नेदरलंड्स). ‘गोकाकोकु’ हा शब्द आला तर पाच देश, म्हणजे करार केलेले तेच पाच. मिरवणुका, मेजवान्या आणि नाच दाखवणाऱ्या चित्रांत तो सारखा भेटतो.

परक्यांना एकत्रित नाव काय दिलं तेही पाहा. पोर्तुगीज ‘नानबान’, दक्षिणेकडचे रानटी. डच ‘कोमो’, तांबड्या केसांचे. योकोहामा काळात ‘इजिन’, वेगळी माणसं. आपल्या जुन्या मराठी कागदांत पोर्तुगीज फिरंगी, डच वलंदेज, फ्रेंच फरासिस, आणि सगळे मिळून टोपीकर. आपल्या लोकांनी टोपी पाहिली आणि जपान्यांनी केस पाहिले, हे मला फार आवडतं. कोणत्या समाजाला समोरच्याचं काय पहिल्यांदा खटकलं ते नावातच उतरतं.

पण पाटी बरोबर असेलच असं नाही. योकोहामात राहणारे परदेशी सुरुवातीला मूठभर होते, त्यांतल्या बायका त्याहून कमी, आणि चित्रांची मागणी मात्र अफाट. चित्रकार काय करणार? त्यांच्या हाती परदेशी सचित्र साप्ताहिकं येत होती, विशेषतः लंडनची. त्यांतल्या कोरीव चित्रांवरून ते माणसं, पोशाख, इमारती उचलत. इमारत एका शहराची आणि पाटी दुसऱ्या शहराची, असं सर्रास घडे. एकच जोडपं एका तावावर अमेरिकी आणि दुसऱ्यावर फ्रेंच. योशितोराची १८६२ ची परदेशी शहरांची तीन-तीन तावांची मालिका पाहा. लंडन, पॅरिस अशी शहरं त्यानं कधी पाहिलीच नव्हती, आणि तरी घाट, पूल, मनोरे, गर्दी सगळं ठासून आहे. योशिकाझुनं १८६१ मध्ये अमेरिकी वाफेची गाडी काढली, तीही जहाजासारखी दिसते. त्याला फसवाफसवी म्हणण्याची माझी तयारी नाही. न पाहिलेलं जग ग्राहकाच्या हाती ठेवायची त्यांची धडपड होती, आणि तीत विलक्षण ताकद आहे.

मग पाहिलेलं आणि नकललेलं वेगळं कसं करायचं? पक्का नियम नाही, पण काही सवयी लावून घेता येतात.

मागची जागा पाहा. टेकड्या, लाकडी कुंपणं, जपानी छपरं, कंदील असतील तर चित्रकाराच्या डोळ्यांपुढे योकोहामा असण्याची शक्यता वाढते. गानकिरो नावाचं तिथलं भव्य रंजनगृह पुष्कळ चित्रांत आहे. पंख्यांनी सजवलेल्या त्याच्या दालनात परदेशी लोक मेजवानी झोडताना दिसतात. ते १८६६ च्या आगीत जळालं. उलट संगमरवरी खांब, मनोरे, फरसबंद चौक दिसले तर बहुधा एखादं साप्ताहिक उघडं होतं.

वस्तू पाहा. शिवणयंत्र, कॅमेरा, काचेचे पेले, घड्याळ, कुत्र्याचा पट्टा. ज्या वस्तूचे भाग बारकाईनं आणि योग्य जागी आलेत ती कुणीतरी जवळून पाहिली आहे. वस्तू हातात तरंगत असेल तर ऐकीव.

सावली पाहा. पारंपरिक जपानी ठशात सावली नसते. कापडाच्या चुण्यांत बारीक आडव्या-तिरक्या रेघांचं जाळं भरून छाया दिली असेल तर मूळ कोरीव चित्राची आठवण तिथे उरली आहे.

आणि जपानी माणसं पाहा, हे मात्र कुणी सांगत नाही. कडेला उभा हमाल, व्यापारी, गणिका, पोरं. त्यांच्या नजरा कुठे आहेत? होकुसाई या चित्रकारानं १८०२ च्या रंगीत पुस्तकात एदोतल्या नागासाकिया या मुक्कामाच्या जागेचं चित्र काढलं. डच लोक शोगुनला भेटायला येत तेव्हा तिथे उतरत. चित्रात आत डच आहेत, खिडकीत त्यांचे चेहरे आहेत, पण खरी मजा रस्त्यावरच्या गर्दीत आहे. माणसं माना उंचावून, लेकरांना सोबत घेऊन आत डोकावत आहेत. पाहणाऱ्यांनाच चित्राचा विषय केलेलं हे पान मी नव्या माणसाला नेहमी सगळ्यांत आधी दाखवतो.

मजकूर वाचता येत नसेल तरी वगळू नका. पुष्कळ तावांवर त्या देशाची माहिती असते: राजधानी, व्यापार, रीतीभाती. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यानं छापील जपानीचं भाषांतर होतं, पण ही वळणदार जुनी लिपी त्याला बहुतेक वेळा झेपत नाही. मोठ्या संग्रहालयांच्या नोंदीत शीर्षकाचं भाषांतर असतं, ते घ्या. एक शब्द तुम्हाला नक्की भेटेल, ‘दोंताकु’. डच भाषेतल्या रविवारावरून तो आला. योकोहामातले परदेशी रविवारी काम बंद ठेवून मिरवत, वाद्यं वाजवत, त्याची चित्रं निघाली. फुकुओकातल्या हाकाता दोंताकु या उत्सवात तो शब्द आजही जिवंत आहे.

बहर का ओसरला

१८६२ च्या सप्टेंबरमध्ये योकोहामाजवळ नामामुगी इथे सात्सुमा संस्थानच्या सामुराईंनी चार्ल्स रिचर्डसन या इंग्रज व्यापाऱ्याला ठार केलं. १८६३ मध्ये ब्रिटिश नौदलानं कागोशिमावर तोफा डागल्या. परदेशी लोकांना हाकलून द्या ही हाक जोरात होती. कुतूहलाची हवा गेली, आणि चित्रांची संख्याही झपाट्यानं उतरली. मधूनमधून एखाद्या नवलाईनं उसळी येई. १८६३ मध्ये एदोत हत्ती आला, १८६४ मध्ये योकोहामात रिसली नावाच्या अमेरिकी कसरतपटूची सर्कस आली, तेव्हा पुन्हा ठसे कोरले गेले. म्हणून तुमच्या हातातलं चित्र १८६१ चं आहे की १८६३ चं, यानं त्याचा अर्थ बदलतो. पहिल्यात उत्साह असतो, दुसऱ्यात बहुधा फक्त तमाशा.

कुठे पाहायची

घरबसल्या भरपूर सोय आहे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि वॉशिंग्टनचं स्मिथसोनियनचं आशियाई कला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर योकोहामा चित्रं मोठ्या आकारात मोफत उघडता येतात. अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम डच संबंधांमुळे नागासाकीसाठी चांगलं. जपानला जाणं झालंच तर योकोहामाचं बंदर-इतिहास दफ्तर, जिथे पेरीबरोबरचा करार झाला त्या जागेवर, आणि नानबान पडद्यांसाठी कोबे शहराचं संग्रहालय. तिथे कानो नाइझेनचे पडदे आहेत, पण नाजूक असल्यानं ते कायम मांडलेले नसतात. आधी चौकशी करून जा.

पहिल्या महिन्यात पन्नास चित्रं पाहू नका. पाच निवडा. प्रत्येकाचा शिक्का शोधा, ताव मोजा, देशाची पाटी लिहून काढा, आणि त्यातली एकेक व्यक्ती पाहिलेली की नकललेली यावर स्वतःचा अंदाज वहीत नोंदवा. मगच संग्रहालयाची नोंद वाचा.

विकत घ्यायचं ठरवलंत तर

घाई नको. हे ताव त्या काळी सोबा नूडल्सच्या वाडग्याच्या किमतीच्या आसपास विकले जात, हजारोंनी छापले जात, म्हणून सामान्य अवस्थेतले अजून बाजारात मिळतात. पण नकलाही आहेत. साधं भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची आधुनिक छपाई. खऱ्या ठशात रंग सलग बसलेला असतो, आणि ताव उलटा केला की रंग मागे झिरपलेला दिसतो. कागद कोझो झाडाच्या सालीचा, उजेडात धरला की लांब तंतू दिसतात. गेल्या शतकात लाकडी ठशांवरच काढलेल्या पुनरावृत्त्या मात्र या परीक्षेत उतरतात, म्हणून कागदाचा जुनेपणा, कडा, मधली घडी, किड्यांची भोकं हे सगळं एकत्र पाहावं लागतं. विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. तो देत नसेल तर नाद सोडा. तीन तावांतला एकच ताव विकत असतील तर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे का तेही बघा.

आपल्या हवेत जपणूक हा वेगळाच विषय. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. लॅमिनेशन कधीही करू नका. चिकटपट्टी लावू नका. आम्लमुक्त कागदाच्या घडीत ताव सपाट ठेवा, कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा. भिंतीवर लावायची फारच हौस असेल तर उन्हापासून दूर, आणि वर्षातले थोडेच महिने. जुन्या वनस्पती रंगांपैकी कुसुंब्याच्या फुलांपासून काढलेला लाल उजेडात फार लवकर उडतो, आणि एकदा उडाला की परत येत नाही. फिकट गुलाबी झालेला झगा पाहिलात तर कधीकाळी तो लालभडक होता हे मनाशी धरूनच पुढचं चित्र वाचा.